एक रात्र, एक चूल, सहा धारा

दोन वर्षांपूर्वी भीमाकाठच्या एका गावी धम्मपरिषद होती. व्यसनमुक्तीच्या सत्रात मला बोलायला बोलावले होते. मी इतिहासाचा प्राध्यापक. बावीस प्रतिज्ञांमधील मद्यपाननिषेधाची प्रतिज्ञा आणि पंचशीलातील पाचवे शील यांवर बोललो. टाळ्या पडल्या. माझ्यानंतर एक तरुण कार्यकर्ता उठला आणि त्वेषाने म्हणाला, ज्यांच्या घरात हातभट्टीची चूल पेटली त्यांनी बाबासाहेबांशी द्रोह केला, अशांचे फोटो चौकात लावले पाहिजेत. पुन्हा टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेत माझी आई बसली होती. तिनेही टाळ्या वाजवल्या.

परतताना एस. टी.त ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तू बराबर बोलला. त्यो पोरगाबी बराबर बोलला. पर त्याला येवढं इचार, त्या चुलीवर दुसरं काय ठिवायचं व्हतं?"

हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे. आमचे गाव वडगाव रासाई, तालुका शिरूर. समोर भीमा, पलीकडे दौंड तालुका. वर रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठा भीमेला मिळते आणि पुण्याचे सांडपाणी घेऊन आमच्या काठाने पुढे जाते. नदीच्या दोन्ही अंगांना ऊस, आणि पलीकडे केडगावच्या पट्ट्यात गुऱ्हाळे. ह्या उसाच्या मुलखात माझ्या आजीने आणि नंतर आईने हातभट्टी लावली. मी पदवीधर झालो तो त्या चुलीच्या पैशावर. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीचा उंबरा ओलांडलेला नव्हता. हे मी आजवर कुठल्या व्यासपीठावर सांगितले नव्हते. परंतु जो माणूस दुसऱ्यांच्या घराण्यांचा इतिहास वर्गात शिकवतो, त्याला स्वतःच्या चुलीचा इतिहास लपविता येत नाही.

१

पुरावा म्हणून माझ्यापुढे एक वही आहे. शाळेची, रेघांची, माझ्याच अक्षरातली. मी पाचवीत असताना आईने ती मला हिशेबासाठी दिली, कारण घरात लिहिता येणारा मी एकटाच. त्या वहीत प्रत्येक पानावर सहा रकाने आहेत. लहानपणी मला त्या सहा रकान्यांचे काही वाटत नव्हते. पुढे एम. ए.ला आर्थिक इतिहास शिकताना ती वही आठवली आणि मी दचकलो.

सहा रकाने कशाचे? एका रात्रीत, एका चुलीवर निघणाऱ्या सहा प्रकारच्या दारूचे. आईकडे रसायने तीन असत. एक गुळाचे, एक काकवी आणि गुऱ्हाळातल्या मळीचे, आणि एक मोहाचे. मोह आमच्या भीमेकाठी होत नाही. वाळलेली फुले बाहेरून येत आणि महाग पडत. प्रत्येक रसायनाच्या दोन धारा: पहिली आणि दुसरी. तीन दुणे सहा.

आता हे एकाच रात्रीत का? वाचकाला वाटेल, कामाचा उरक म्हणून. तसे नव्हते. धूर आणि वास हे हातभट्टीचे दोन वैरी आहेत. चूल जितक्या रात्री पेटेल तितक्या वेळा छाप्याची भीती. म्हणून आठवड्याच्या सहा रात्री चूल थंड ठेवायची आणि सातव्या रात्री सारे काही एकदम उरकायचे. म्हणजे ही पद्धत आईने ठरवली नव्हती. ती कायद्याने ठरवली होती. कायद्याने दारू थांबली नाही, पण ती कशी गाळायची याचे वेळापत्रक मात्र त्याने आखून दिले.

त्या वेळापत्रकातली अक्कल पाहण्यासारखी आहे. तिन्ही रसायने एकाच दिवशी घालून चालत नाही. गुळाचे लवकर चढते, मोहाला जास्त दिवस लागतात; उन्हाळ्यात चार-पाच दिवसांत काम होते, थंडीत आठ-दहा दिवस गेले तरी बुडबुडे येत राहतात. थंडीत आई मडकी उकिरड्यात पुरायची, म्हणजे शेणाच्या उष्णतेने रसायन जागे राहते. गाळण्याची रात्र आधी ठरवायची आणि तिथून मागे दिवस मोजत यायचे: मोह कधी भिजवायचा, मळी कधी, गूळ कधी. तिन्ही एकाच रात्री तयार झाली पाहिजेत. कच्चे रसायन गाळले तर गूळ वाया जातो, उतरलेले गाळले तर आंबटाण येते. आई मडक्याला कान लावून ऐकायची. खदखद थांबत आली, वरचा फेस बसला, की म्हणायची, "झोपाय लागलंय, आज काढाय पायजे."

रसायनात गूळ-पाण्याशिवाय बाभळीची साल पडायची आणि नवसागर. आज मला रसायनशास्त्राचे सहकारी सांगतात की नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, त्यातला नत्र किण्वाला वाढायला उपयोगी पडतो. आईला नत्र ठाऊक नव्हता. तिला एवढे ठाऊक होते की नवसागर कमी पडला तर रसायन "मरगळतं" आणि जास्त पडला तर पिणाऱ्याचे डोके धरते. आणि जुन्या मडक्याच्या तळचा साका ती कधी फेकायची नाही. विरजण राखावे तसा राखायची, पुढच्या मडक्यात घालायची. ह्याला तंत्रज्ञान म्हणत नाहीत, कारण ते उकिरड्याशेजारी होते.

चुलीवर मोठे भांडे, त्यावर दुसरे, सांधे ओल्या मातीने आणि चिंध्यांनी लिंपलेले, वरच्या भांड्यात गार पाणी, आणि बाजूने नळी. मद्यार्क सुमारे ७८ अंश सेल्सिअसला उकळतो, पाणी १००ला. म्हणून सुरुवातीला जे वर चढते त्यात कैफ जास्त. हीच पहिली धार. अगदी आरंभीची ओंजळभर आई चुलीत फेकायची. भडका निळा उठला की समाधान, आणि ती ओंजळ कोणाच्या पोटात जाऊ नये हाही हेतू. पुढे धार फिकी होत जाते. तिथे भांडे बदलायचे. ही दुसरी धार. अगदी शेवटचे पाणचट उरते ते टाकायचे नाही. पुढच्या रसायनात मिसळून पुन्हा गाळायचे. क्रमही ठरलेला: आधी गूळ, मग मळी, शेवटी मोह. मोह आधी घेतला तर त्याचा वास भांड्याला बसतो आणि पुढच्या दोन्ही दारूंना लागतो.

पहाटेपर्यंत सहा भांडी भरायची. मग ती भांडी कुठे जात, ते वहीच सांगते. गुळाची पहिली धार बाटलीतून मोठ्या बागायतदारांकडे. तीही मागच्या दाराने, घेणारा गडी आणि पिणारा मालक. मोहाची पहिली धार औषध म्हणून, बाळंतिणीच्या अंगाला चोळायला, म्हाताऱ्यांच्या गुडघ्याला. तिला सर्वांत जास्त भाव. गुळाची दुसरी धार गावातल्या मधल्या लोकांची. मळीची पहिली धार गुऱ्हाळावरच्या आणि ऊसतोडीच्या मजुरांची. मोहाची दुसरी ज्याला परवडेल त्याची. आणि मळीची दुसरी धार, जिला आई 'धुवण' म्हणायची, ती ग्लासावर, उधारीवर, आमच्याच वस्तीत.

बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. ती मी पुस्तकात वाचण्याआधी पाचवीच्या वहीत सहा रकान्यांत लिहीत होतो. चूल एक, हात एक, रात्र एक. तरी धार ज्याच्या-त्याच्या पायरीप्रमाणे. आणि गाळणारी बाई? ती सहाही रकान्यांच्या खाली होती. तिची गुळाची पहिली धार वाड्यात चालत होती, पण तिच्या हातचा पाण्याचा तांब्या चालत नव्हता.

२

ही विद्या आमच्या वस्तीत आली कुठून? सनातनी विद्वान असे भासवितात की दारू हा खालच्या जातींचा जन्मजात दुर्गुण आहे. त्यांचेच ग्रंथ काय सांगतात ते पाहू.

सौत्रामणी नावाच्या वैदिक यज्ञात सुरा लागते आणि ती विधीपूर्वक तयार करावी लागते. कौटिलीय अर्थशास्त्र हा ग्रंथ शामशास्त्री यांनी १९०९ साली छापून प्रसिद्ध केला. त्याच्या दुसऱ्या अधिकरणात सुराध्यक्ष नावाच्या सरकारी अधिकाऱ्याचे संपूर्ण प्रकरण आहे. तेथे मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु अशी सहा पेये दिली आहेत. योगायोगाने तिथेही सहाच. मापेही दिली आहेत. मेदकाला एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व. आसवाला कवठ, मध आणि फाणित, म्हणजे आपली काकवी. मैरेयाला झाडाच्या सालीचा काढा आणि त्यात गूळ, वर पिंपळी-मिरीचा मसाला. सालीचा काढा आणि गूळ! आमच्या उकिरड्यातले रसायन दुसरे काय होते? आईची विद्या राजदरबारी ग्रंथात मापांसह नोंदलेली होती. फक्त ग्रंथ आमच्या हाती नव्हता आणि मडके त्यांच्या हाती नव्हते.

त्याच प्रकरणात आणखी दोन गोष्टी आहेत. कुटुंबवत्सल गृहस्थाला कार्यप्रसंगी घरी पांढरी सुरा आणि औषधासाठी अरिष्ट करण्याची मुभा आहे. उत्सव, जत्रा यांसाठी चार दिवसांची सूट आहे. म्हणजे घरी गाळणे हा सरसकट गुन्हा नव्हता. आणि दुसरी गोष्ट: सुरा आणि किण्व यांच्या कामाला स्त्रिया आणि मुले लावावीत, असे कौटिल्य सांगतो. त्या वाक्याशी मी थांबलो. स्त्रिया आणि मुले. वही लिहिणारा मुलगा मला तिथे दिसला.

मनुस्मृतीचा सूर वेगळा. अकराव्या अध्यायात सुरेचे तीन प्रकार दिले आहेत: गुळाची गौडी, पिठाची पैष्टी आणि माध्वी. तिन्ही द्विजांनी पिऊ नयेत. सुरापान हे महापातक. कारण काय, तर सुरा हा अन्नाचा मळ. म्हणजे आक्षेप विटाळाचा आहे. पिऊन बायकोला मारणाऱ्या नवऱ्याबद्दल तिथे काही नाही. आणि चौथ्या अध्यायात तर विटाळाचे गणितच मांडले आहे: दहा खाटीकखान्यांबरोबर एक तेलघाणा, दहा घाण्यांबरोबर एक दारूचा गुत्ता, दहा गुत्त्यांबरोबर एक वेश्यागृह, आणि दहा वेश्यागृहांबरोबर एक राजा. मनूने राजाला सर्वांत खाली ढकलले ते कोणाकडून दान घ्यावे ह्या चर्चेत. परंतु अबकारीचा इतिहास वाचताना हे गणित मला वेगळ्याच अर्थाने आठवत राहते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला हा ग्रंथ जाळला गेला, ते योग्यच झाले. परंतु दारूबद्दलची त्याची विटाळाची भाषा आपल्या व्यासपीठांवरून अजून ऐकू येते, त्याचे काय?

बौद्ध विनयातही मद्यांची यादी आहे. पाचित्तियाच्या एक्कावन्नाव्या नियमाच्या विवरणात सुरेचे पाच आणि मेरयाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांत पिठाची सुरा आहे, भाताची सुरा आहे, फुलांचे आसव आहे आणि गुळाचेही आसव आहे. म्हणजे भगवान बुद्धाच्या संघालाही आमच्या मडक्यांची पुरती माहिती होती. परंतु नियम कशावरून झाला ते पाहा. सागत नावाचा भिक्खू एका भयंकर नागाला वश करून कोसंबीला आला. लोकांनी कौतुकाने घरोघरी त्याला मद्य दिले आणि तो नगराच्या वेशीत कोसळला. ज्याने नागाला जिंकले तो आता पाणसापालाही जिंकू शकेल काय, असा प्रश्न बुद्धाने विचारला. सागत विटाळला असे तो म्हणाला नाही. त्याचे भान गेले, एवढेच म्हणाला. पाचव्या शीलातला शब्द प्रमाद आहे. मळ नव्हे, प्रमाद.

ह्या दोन शब्दांतला फरक हा ह्या लेखाचा गाभा आहे. मळ म्हटले की गाळणारी जात घाण ठरते. प्रमाद म्हटले की पिणाऱ्याची आणि पाजणाऱ्या व्यवस्थेची जबाबदारी पुढे येते. आमच्या कार्यकर्त्याने शील बुद्धाचे घेतले आणि भाषा मनूची वापरली.

३

आता इंग्रजांकडे वळू. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळणे हे सरकारच्या ताब्यातले काम झाले. गावोगावच्या भट्ट्या बंद करून मध्यवर्ती भट्ट्या आणि बडे मक्तेदार आले. कर बसला तो दारूच्या कडकपणावर, गॅलनवर. सरकारी देशी दारू २५ अंश आणि ६० अंश 'अंडर प्रूफ' अशा दोन प्रतींत विकली जाई. म्हणजे सरकारलाही एक कडक आणि एक फिकी अशा दोन धारा होत्या. फरक इतकाच की सरकारच्या धारेला महसूल म्हणत आणि गावातल्या धारेला गुन्हा. १८९२च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरच निर्बंध आले. जंगलात आपोआप गळणारे फूल वेचणे, साठवणे हाही गुन्हा! आदिवासीने ते खाण्यासाठी वेचले की गाळण्यासाठी, हे ठरविणार शिपाई.

हा बंदोबस्त नैतिकतेसाठी होता असे मानणाऱ्यांनी जोतीराव फुल्यांकडे पाहावे. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० साली त्यांनी शहरातील दारूच्या दुकानांच्या वाढीविरुद्ध पालिकेला पत्र लिहिले. जोतीरावांचा रोख गाळणाऱ्या बाईवर नव्हता. दुकाने वाढवून गरिबांचे संसार पोखरणाऱ्या धोरणावर होता. आमच्या परंपरेत दारूला विरोध करण्याची ही पहिली रीत आहे, आणि ती विसरता कामा नये.

त्याच काळात १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसांच्या संपूर्ण जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. कंजारभाटांसारख्या जमातींवर एकीकडे पोट भरण्याचे सारे रस्ते बंद केले गेले आणि दुसरीकडे हातभट्टी हा त्यांचा स्वभाव आहे असा शिक्का मारला गेला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. शिक्का मात्र पुसला गेला नाही.

स्वकीयांचे राज्य आले तेव्हा काय झाले? मुंबई शहरात १ ऑगस्ट १९३९ रोजी दारूबंदी सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आला, तोच नाव बदलून आज महाराष्ट्रात चालू आहे. १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातील काही कलमे रद्द केली. लष्करी छावण्यांना दिलेली सवलत मात्र मान्य केली. पुढे बंदी सैल झाली आणि १९७३च्या नियमांनी सरकारमान्य देशी दारू गावोगाव आली. ती कशाची बनते? साखर कारखान्यातल्या मळीची. ऊस कोण तोडतो? भूमिहीन. मळी कोणाची? कारखान्याची. दारू कोणाची? परवानाधारकाची. महसूल कोणाचा? सरकारचा. दरवर्षी हजारो कोटी रुपये राज्याच्या तिजोरीत दारूतून पडतात. आणि गुऱ्हाळातली तीच मळी मडक्यात घालणाऱ्या बाईला कलम ६५.

१९८१ साली झालेल्या प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या कायद्याच्या मराठी नावातच 'झोपडपट्टी गुंड, हातभट्टीवाले' असे शब्द शेजारी-शेजारी बसवले आहेत. कायद्याच्या भाषेने माझ्या आईला कोणाच्या पंगतीत बसवले ते पाहावे. तिला एकदा पकडले होते. मी सातवीत होतो. मडकी फोडली, रसायन मातीत ओतले, तिला रात्रभर चौकीत बसवून ठेवले. ज्यांनी फोडली त्यांना कोणत्या मडक्यात पहिली धार आहे ते बरोबर ठाऊक होते. ते मडके फुटले नाही. पंचनाम्यात पाच भांडी आली. वहीत त्या तारखेला सहा आहेत.

आणि २००९ पासून पुण्यात परवान्याच्या छोट्या भट्ट्या सुरू झाल्या आहेत. तेथे काचेआड चकचकीत टाक्या, एका टाकीत गव्हाची बिअर, दुसरीत काळी, तिसरीत सफरचंदाची. एकाच छपराखाली, एकाच दिवशी, पाच-सहा चवी. लोक लहान-लहान ग्लासांतून एकेक चाखून पाहतात. माझ्या एका विद्यार्थ्याला तिथे नोकरी लागली तेव्हा मी पाहायला गेलो होतो. तो मला समजावून सांगत होता की कोणत्या टाकीत किण्व कधी घातले म्हणजे सगळ्या एकाच आठवड्यात तयार होतात. मी म्हटले, मला माहीत आहे. त्याला आश्चर्य वाटले. तिथे ही कला आहे, आणि ती जाणणाऱ्याला चांगला पगार आहे. घरी गाळणाऱ्या बाईला मात्र कोणताही परवाना नाही, तेव्हाही नव्हता.

४

येथे कोणी म्हणेल, प्राध्यापक हातभट्टीचे उदात्तीकरण करीत आहेत. मुळीच नाही. मी उधारीचा रकानाही पाहतो आहे. मळीच्या दुसऱ्या धारेपुढे जी नावे आहेत ती आमच्या भावकीतली. त्यांतले कितीतरी जण चाळिशीच्या आत गेले. त्यांच्या बायकांच्या पाठीवरचे वळ मी पाहिले आहेत, आणि ते वळ आमच्या चुलीतून निघाले होते हेही मला ठाऊक आहे. सहाव्या रकान्यात माझ्या वडिलांचे नाव आहे. त्यांच्यापुढे रक्कम लिहिलेली नाही. नुसत्या रेघा आहेत. मी बारावीत असताना ते गेले.

शिवाय आजची हातभट्टी आईच्या मडक्याइतकीही साधी राहिलेली नाही. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसे मेली ती मिथेनॉलने, कारखान्यातल्या विषारी द्रव्याने. गुळाच्या रसायनातून एवढे मिथेनॉल निघत नाही. ते वरून मिसळले जाते, कारण धंदा बाईच्या हातातून टोळीच्या हातात गेला. मेले ते मात्र झोपडपट्टीतलेच. म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे: चौदा ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो माणसांनी घेतलेली प्रतिज्ञा बरोबर होती, आजही बरोबर आहे. ज्या समाजाला उभे राहायचे आहे त्याला प्रमाद परवडत नाही.

पण बुद्धाने गृहस्थासाठी निषिद्ध ठरविलेल्या पाच व्यापारांत मद्याचा व्यापारही आहे, मग माझ्या बौद्ध आईचे काय? ह्या प्रश्नाने मला अनेक रात्री जागवले आहे. माझे उत्तर असे. सम्यक आजीविका ही आज्ञा देताना दुसरी आजीविका शक्य असली पाहिजे. ज्या बाईच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, जिच्या घराण्याचे महारकीचे वतन १९५८च्या कायद्याने संपले ते चांगलेच झाले परंतु त्या बदल्यात पोटाला काही मिळाले नाही, जिला हॉटेलात भाकरी थापायला कोणी ठेवीत नाही कारण तिच्या हातची भाकरी खाणार कोण, तिच्या हातची एकच वस्तू सारे गाव घेत होते. तीही मागच्या दाराने. विटाळ भाकरीला लागत होता, पहिल्या धारेला लागत नव्हता. गावगाड्याने तिच्यासाठी उघडा ठेवलेला तो एकच दरवाजा होता, आणि त्या दरवाजावर शिपाई उभा केला होता. ह्याला निवड म्हणता येत नाही. मला नोकरी लागली त्या महिन्यात तिने मडकी स्वतःच्या हाताने भीमेत सोडली. तेव्हा तिच्यापुढे निवड होती आणि तिने ती केली. शील तिने त्या दिवशी घेतले असे मी मानतो, आणि ते कोणत्याही भिक्खूने दिलेल्या शीलापेक्षा कमी नाही.

म्हणून चळवळीपुढे मी तीन गोष्टी ठेवतो. पहिली: व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमात गाळणाऱ्या बायकांना आरोपी म्हणून उभे करू नका. त्यांना काय ठाऊक आहे ते आधी ऐका. कोण पितो, कोण हप्ता घेतो, पैसा कुठे जातो, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नाही. दुसरी: चूल विझवायला सांगताना त्या चुलीवर काय ठेवायचे तेही सांगा. परवान्याचे दुकान बंद करण्यासाठी गावातल्या बायकांना मतदानाचा, आडव्या बाटलीचा हक्क मिळाला आहे. तसा रोजगाराचा हक्क मागणारी आडवी रेघ आपण कुठे ओढली? तिसरी: हा इतिहास लिहा. आमच्या आत्मकथनांत हातभट्टीचा वास येतो, परंतु तो दुःखाचे नेपथ्य म्हणून. त्या मडक्याभोवती जे ज्ञान होते, जो हिशेब होता, ज्या सहा धारा होत्या, त्यांची नोंद कोणी करायची? अबकारी खात्याच्या दप्तरात ही बाई फक्त पंचनाम्यात सापडते, आणि पंचनाम्यात एक मडके नेहमीच कमी असते.

हा लेख लिहून झाल्यावर मी आईला वाचून दाखवला. कौटिल्याची मापे ऐकून ती म्हणाली, "त्याचं किण्व लई झालं. येवढ्या तांदळाला येवढं कशाला?" मग वही मागितली. चाळीत राहिली. तिला वाचता येत नाही, परंतु कोणते पान कोणत्या सालचे ते ती डागांवरून ओळखते. मी विचारले, वहीतले काही छापू का?

ती म्हणाली, "लोकांची नावं काढ. ती बिचारी मेली. वाड्यावरल्यांची बी काढ, त्यांची पोरं आता तुझ्या कालेजात हाईत. बाकी समदं लिव."

"आणि तुझं नाव?"

"माझं कुठाय त्यात?"

मी पुन्हा पाहिले. खरेच, साऱ्या वहीत गाळणारीचे नाव एकदाही आलेले नाही.